'थॅरॉन ७'वरचा माझा बहिष्कार

२ मार्च, सोमवार
शुक्रवारी बेटावर 'थॅरॉन' या अंतराळपटाचा सातवा भाग लागतोय. बघणार नाही. निर्णय पक्का. थॅरॉनप्रेमी मंडळाचा अध्यक्ष म्हणून बहिष्काराचा ठराव मांडला. सभासद तीन. माझं मत बाजूने. अर्विड तटस्थ, कारण तो पॅनकेक खात होता. तिसरा मासेमारीला गेलेला. ठराव बहुमताने मंजूर.

कारण: शेवट इंटरनेटवर फुटलाय. कप्तानाची मेलेली बायको म्हणे यानाच्या इंजिनातून बोलते! इंजिनातून! असलं सुचायला डोक्यात भुसाच भरलेला हवा.

३ मार्च
परीक्षण लिहून टाकलं. अकरा पानं. सिनेमा न बघितल्यामुळे लिखाण निःपक्षपाती झालंय. अलास्कात असं करणारा मी बहुधा पहिलाच.

सॉल्विगचा फोन. माझी मुलगी, फेरीबोटीवर स्वयंपाकीण. शनिवारी बोट सहा तास धक्क्याला लागते, म्हणून तिने तीनच्या खेळाची दोन तिकिटं काढलीत. ती सहा वर्षांची असल्यापासून प्रत्येक भाग आम्ही शेजारी बसून बघितलाय. तिला ठराव वाचून दाखवला. "बाबा, मी सहा तासांसाठी येतेय आणि तू ठराव वाचतोयस?" म्हणाली. तत्त्वांची किंमत या पिढीला नाही. ऐनवेळी तीही जाणार नाही, खात्री आहे.

७ मार्च, शनिवार. संध्याकाळ
गेली. माझं तिकीट अर्विडला दिलं. तटस्थ म्हणे!

मी थिएटरच्या दारात पावसात उभा राहिलो. आत जाणाऱ्यांना पत्रकं वाटली, बाहेर येणाऱ्यांची शास्त्रीय पाहणी केली. प्रेक्षक १९. रडणारे १४ (फसवणुकीचं दुःख). हसणारे ३ (सुटकेचा आनंद). उरलेल्या दोघांपैकी पोस्टातली बाई म्हणाली, "एल्डन, काय सुंदर आहे रे, जा ना!" मत बाद. तिला पाऊसही सुंदर वाटतो. अर्विड रुमालात नाक शिंकरत होता. सर्दी.

सॉल्विगचे डोळे लाल. "तू आत हवा होतास," एवढंच बोलली आणि सरळ बोटीवर गेली. मी हॅलिबट मासा तळून ठेवला होता. सिनेमाने पोरीची भूक मारली. परीक्षणात एक पान वाढवलं.

९ मार्च
थिएटरवाल्या डोलोरेसचा फोन. काल पाचच डोकी आली, माझ्या पत्रकांचा प्रताप, म्हणून तोंडाला येईल ते बोलली. बहिष्कार लागू पडतोय!

११ मार्च, दुपारी ४
अर्विड एक पाकीट देऊन गेला. सॉल्विगने त्याच्याकडे ठेवलेलं. आत मंडळाचा १९९८चा अंक. 'कथास्पर्धा, दुसरं बक्षीस: एल्डन लोफग्रेन.' स्पर्धक दोन होते. कथा अशी: कप्तानाची मेलेली बायको यानाच्या इंजिनातून बोलते.

माझी बायको लिला गेली त्या हिवाळ्यात लिहिली होती. साफ विसरलो होतो. शेवटची ओळ: 'आणि इंजिनातून तिचा आवाज आला...' उरलेलं पुढच्या अंकात. पुढचा अंक निघालाच नाही. संपादक मीच.

सोबत सॉल्विगची चिठ्ठी: "आईच बोलतेय असं वाटलं. वळून बघितलं तर शेजारी अर्विड."

दुपारी ४.१०
कथा चोरलीय, उघड आहे. अंकाच्या बारा प्रती निघाल्या होत्या. हॉलिवूडमध्ये एक पोचलीच असणार.

दुपारी ४.३०
परीक्षण चुलीत घातलं. वाईट वाटतंय. फार वाईट वाटतंय. परवा बोट पुन्हा लागतेय. सॉल्विगला फोन केला, माफी मागितली. "येते," म्हणाली. आता मागे हटणं नाही.

१३ मार्च, शुक्रवार
अडीचला दोघं थिएटरवर. पाटीवर खारींचं कार्टून. डोलोरेस म्हणाली, 'थॅरॉन' सकाळच्या विमानाने परत पाठवला. माझा हात दाबून म्हणाली, "अभिनंदन, एल्डन. जन्मात एक गोष्ट तडीस नेलीस."

बेटावर दुसरं थिएटर नाही.

धक्क्यापर्यंत चालत गेलो. शेवटी विचारलं, इंजिनातून ती बोलते तरी काय? सॉल्विग म्हणाली, "ते सांगून नाही कळत, बाबा. म्हणून तर तिकीट काढलं होतं." माझ्या कोटाची वरची गुंडी लावली आणि बोटीवर चढली.

घरी येऊन पाहणीच्या वहीत नोंद केली. प्रेक्षक १. रडणारे १. सिनेमा न बघता.