दुमडीची खूण

लिस्बन, १४ ऑक्टोबर १९६२

ती. ईडिथताईस,
हेस्टरचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि रूबार्बचा मुरंबा पोचला. मुरंबा संपला, पत्र जपून ठेवलंय; उलटं झालं असतं तर तूच रागावली असतीस.

काल आमच्या ब्रिटिश राजदूतांकडे मेजवानी होती. शेवटचं गोड खाऊन झालं की यजमानीणबाई उठतात आणि सगळ्या बायका त्यांच्यामागून वर दिवाणखान्यात जातात. पुरुष खाली पोर्ट वाइन पीत बसतात आणि कामाचं बोलणं तेव्हाच निघतं. मी वकिलातीत सेक्रेटरी, म्हणजे त्यांच्यासारखीच अधिकारी, म्हणून मुद्दाम बसून राहिले. बाईसाहेब दारातून म्हणाल्या की, मिस प्रिंगल, आम्ही तुमच्यासाठी खोळंबलोय. गेले मुकाट. वर तासभर पडदे कसे धुवायचे ते ऐकलं. ह्या परक्या गावात पाऊल ठेवलं त्या दिवशीही मला इतकं एकटं वाटलं नव्हतं.

बंदराचं काम बघणारा लायनेल फेनिक तेवढा पोर्ट सोडून वर आला आणि पडद्यांवर अगदी गंभीरपणे मत देऊन गेला. त्यानं मला मागणी घातलीय, ताई. मला तो फार आवडतो. पण आमच्या खात्याचा नियम तुला ठाऊक आहे. लग्न करायचं तर बाईनं राजीनामा द्यायचा. ह्या खुर्चीपायी माझं तरुणपण गेलं ग. काय करू?

लोभ आहेच, सल्ला दिलास तर दुप्पट होईल.
हेस्टर

व्हिटबी, २६ ऑक्टोबर १९६२

चि. हेस्टर हिस,
अनेक आशीर्वाद.

काय करू म्हणून काय विचारतेस? हो म्हण! पडद्यांवर मत असलेला नवरा तिशीनंतर कोणाला मिळतो? आमचे विल्फ्रेड पडदा ओढायलाही उठत नाहीत. सरकारला तुझ्यासारख्या छप्पन्न मिळतील. उद्या अंथरुणाला खिळलीस तर सरकार का तुला सूप भरवणार आहे?

आईचा लग्नाचा झगा पेटीतून काढला. आई ताडमाड, तू बुटबैंगण. म्हणून खालून चार बोटं दुमडून शिवलासुद्धा. तारीख कळव, चर्चमध्ये सांगून ठेवते.

तुझ्या होकाराकडे डोळे लावलेली,
ईडिथ

लिस्बन, ९ डिसेंबर १९६२

ती. ताईस, सा. न.

लायनेलला नाही म्हटलं. त्यानं एवढंच विचारलं की, लग्न केल्यावर माझा राजीनामा कोणी मागत नाही, मग तुझाच का? काल त्याची बोट सुटली. मी धक्क्यावर गेले नाही. कचेरीत तारा वाचत बसले, एकही डोक्यात शिरली नाही.

झगा पेटीत ठेवून दे. नाताळला घरी येत नाही. कोणी काही विचारलं तर मला रडू येईल.

रागाव, पण लोभ कमी करू नकोस.
हेस्टर

हेलसिंकी, ३ मार्च १९७७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

राजदूत म्हणून माझी पहिली मेजवानी परवा पार पडली. गोड खाऊन झालं आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. यजमान मीच, यजमानीणही मीच! उठले तर पुरुषांना यजमान नाही, बसले तर बायका अडकून पडणार. शेवटी सांगितलं की, आज कोणी उठायचं नाही, पोर्ट सगळ्यांपुढे फिरू दे. काय हशा पिकला! मोठा गड जिंकल्यासारखं वाटलं. मग एकेक जोडपं कोट चढवून निघून गेलं आणि त्या लांबलचक टेबलाशी मी एकटी उरले.

तो लग्नाचा नियम चार वर्षांपूर्वी रद्द झाला, तुला कळवलं होतंच. काल माझ्या हाताखालची रोवेना लाजत लाजत आली. इथेच लग्न करतेय. रजा हवी होती, मग पुन्हा कामावर. मी तिथल्या तिथे सही दिली, तोंडभर अभिनंदन केलं. ती गेल्यावर दार लावून घेतलं आणि रडले, ताई. ह्या वयात!

पोरीला आई नाही. उंचीनं आपल्या आईएवढीच आहे. झगा पाठवशील?

आता लोभ करणारं दुसरं कोणी नाही, हे ध्यानात असू दे.
हेस्टर

व्हिटबी, १५ मार्च १९७७

चि. हेस्टर हिस,
आशीर्वाद.

झगा आज टपालानं निघाला. तुझ्यासाठी दुमडलेली चार बोटं ह्या आठवड्यात उसवली. इतकी वर्षं उसवायला माझा हात धजला नव्हता. का, ते तुला सांगायला नको.

दुमडीची खूण मात्र जाईना. ओलं फडकं घालून कितीदा इस्त्री फिरवली. रोवेनाला सांग, लांबून कोणाला दिसणार नाही.

तुला दिसेल. तेव्हा ती पुढून चालत गेली की खाली बघू नकोस, बाळ. तिच्या तोंडाकडे बघ.

तुझीच,
ईडिथ