उष्टं वारं

सातारा, मंगळवार संध्याकाळ

पवनचक्कीच्या पात्यावरचा ताण मोजलेल्या वाऱ्याशी जुळेना. वारा मंद, ताण मात्र जबर. ताणाचा सेन्सर बिघडलाय असं लिहून अहवाल आजच पाठवायचा होता. फक्त सही राहिली होती. का कोण जाणे, पठारावरचे आमचे जुने राखणदार तुकातात्या आठवले. मेढ्याला त्यांच्या गावी फोन लावून अडचण सांगितली.

"सायेब, वारं कुठनं सुटलंय?"

"दक्षिणेकडून, तात्या."

"आवं, मग वारं मोजायचा खांब शेजारच्या चक्कीच्या आडोशाला येतोय न्हवं? त्येला उष्टं वारं मिळतंय, पात्याला ताजं. लय शिकलासा आन् एवढं इसरलासा?"

विसरलोच. पूर्वी तात्या धोतराचा सोगा वाऱ्यावर धरून दिशा सांगत, मी वहीत टिपायचो. किती वर्षं झाली?

सेन्सर बरोबर होता. अहवाल थांबवला, पहिल्यांदाच मुदत चुकवली. तात्या मग म्हशींविषयी बोलत राहिले. मी फोन ठेवला नाही.