मनीषाचं विरजण

शनिवार, ७ डिसेंबर १९९६
मिनेसोटा

कुत्र्यांच्या स्लेजची, म्हणजे बर्फावरच्या गाडीची, माझी पहिली टूर आज झाली. खरं तर नाचायला हवं, पण डोक्यात सकाळचं दहीच फिरतंय.

महत्त्वाच्या कामाला निघताना हातावर दही घालतात. माझ्या हातावर घालणार कोण? म्हणून मीच सगळ्या कुत्र्यांना तळहातावरून एकेक चमचा चाटवला. तेवढ्यात कस्टमर आले, एक म्हातारं जोडपं. बाईंनी विचारलं, हे काय? म्हटलं, शुभ असतं.

"अँड हू गिव्ह्ज यू युअर्स?"

"माय वाइफ," मी म्हणालो. का म्हणालो?

मनीषा तिकडे कॅलिफोर्नियात, सनीव्हेललाच आहे. मी नोकरी सोडली तेव्हा म्हणाली, "तुझं स्वप्न आहे ना, तू जा. मला ओढू नकोस." आणि तरी निघताना गाडीत दह्याची छोटी बरणी ठेवलीन. वर्षभर त्याच विरजणाचं दही लावतोय, स्वेटरमध्ये गुंडाळून, हीटरजवळ.

टूर मस्त झाली. कुत्रे जीव तोडून पळाले. जाताना बाई म्हणाल्या, वाइफला थँक्स सांग.

आत्ता दूध कोमट केलं आणि पाहतो तर वाडगं रिकामं. उत्साहाच्या भरात विरजणापुरतंही ठेवलं नाही मी.

गावातल्या दुकानात दही मिळतं, प्लास्टिकच्या डब्यातलं. लागेलही त्याने. पण ते तिचं नाही.

फोनपर्यंत दोनदा जाऊन आलो. विरजण संपलं, एवढंच सांगायला फोन करतात का कुणी?

दूध निवत चाललंय.