दिगूचा चार मिनिटांचा रोल

९ ऑक्टो.
दुकानात गिऱ्हाईक नाही. मोबाइलवर भुताचा सिनेमा पाहिला. पैसे नसले की हे लोक अंधार फार करतात. भूत म्हणजे पांढरा परकर, मनगटावर घड्याळ तसंच राहिलेलं. मार्क: भीती १, हसू ६. असल्या वेळी दिगूला हाक मारायचो. धाकटा भाऊ, पण शेजारी बसून सिनेमाला शिव्या घालायला त्याच्यासारखा कोणी नाही. त्याची बोट समुद्रात उलटून आज चाळीस दिवस. चौघे जिवंत सापडले, दिगू नाही.

१२ ऑक्टो.
विनोदी बघू म्हटलं. म्हातारा दोन तास शेळीशी बोलतो, शेळी उत्तर देत नाही. शहरातल्यांना आवडेल. हसू ०. दोष माझाही असेल.

१३ ऑक्टो.
आई रोज मोबाइल मागते. दिगूचा सिनेमा लाव म्हणते. वालावल गावच्या पोरांनी मे महिन्यात केलेला, विनोदी भयपट म्हणे. दिगू त्यात मढं. चार मिनिटं तिरडीवर. तेव्हा मी वहीत लिहिलं होतं, मढ्याचं पोट हलतंय, दिग्दर्शक झोपला होता काय. आई नेमकं तेच बघत बसते.
"बघ, श्वास घेता. जित्तो आसा."

१७ ऑक्टो.
भटजी येऊन गेले. देह मिळाला नाही तर दर्भाचा माणूस करून अग्नी द्यायचा, मग पुढचं सगळं. काका तयार. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "माझ्या झिलाक गवताचो करून जाळतलंस?" जेवली नाही.

२० ऑक्टो.
आजच्या सिनेमात हरवलेला नवरा परत येतो, दार ठोठावतो, घरातले किंचाळतात. लिहिणाऱ्याला अक्कल नाही. आमचं दार वाजलं तर मी धावत जाईन. मार्क दिले नाहीत.
आणि हे लिहायचं टाळत होतो. तो रोल दिगू घेत नव्हता. मी म्हटलं, झोपायचंच तर आहे, कर. जिवंत माणूस तिरडीवर निजला तर उठल्यावर त्या जागेला नारळ द्यायचा, म्हणून आईने नारळ माझ्या पिशवीत घातला होता. शूटिंग संपल्यावर आम्ही तो फोडून खाल्ला. मोठा तुकडा दिगूनेच घेतला. वाऱ्याने बोट उलटली, मला ठाऊक आहे. मी असलं काही मानत नाही. तरी रोज…

२४ ऑक्टो.
आईला सांगून टाकलं नारळाचं. तांदूळ निवडत होती. एक खडा काढून टाकला. मग म्हणाली, "खोबरा गोड होता?"
हो म्हटलं. पुन्हा निवडायला लागली. दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२८ ऑक्टो.
काकांनी परस्पर ठरवलं, भटजी उद्या येणार. दर्भ आणून दिला. घरापुढच्या खळ्यात बसून माणूस बांधला. डोकं, हात, पाय. गाठी नीट बसेनात. आई बाहेर आली. वाकून डोक्यापासून पायापर्यंत वितीने मोजलं.
"आखूड झालो. दिगू तुझ्यापरास उंच आसा."
सगळ्या गाठी सोडल्या, परत बांधायला बसलो. ती पायरीवर बसून बघतेय. उद्या अग्नी द्यायचा की नाही, ते अजून बोललेली नाही.