मेट्रनबाईच जिंकणार

३ मार्च, मंगळवार
ही बहिणीकडे गेली त्याला दोन दिवस झाले. हवापालट. भांडण वगैरे काही नाही. लग्नाच्या वाढदिवसाला कुठेतरी बाहेर जाऊ, असं तिचं म्हणणं होतं. नेमकी त्याच संध्याकाळी सोनपडदा टीव्ही पुरस्कारांची नामांकनं जाहीर व्हायची होती. बाहेर जाऊन जे दिसतं तेच टीव्हीवर जास्त नीट दिसतं, शिवाय चपला घालाव्या लागत नाहीत, हे मी तिला शांतपणे समजावलं. त्यावर तिने बॅग भरली. मी नामांकनं बघत असल्यामुळे दाराचा आवाज जरा उशिरा लक्षात आला.

माझ्या मालिकेतल्या मेट्रनबाईंना सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं नामांकन आहे. अंगावर काटा आला. इस्पितळ हादरवून सोडणारी बाई, पण पेशंटच्या उशाशी बसली की डोळ्यांत पाणी. हिला आवडते ती दुसऱ्या चॅनेलवरची वकीलबाई. ती तिसऱ्याच भागात नवऱ्याला सोडून भाड्याच्या खोलीत राहायला गेली. हिला तिच्यात काय दिसतं, देव जाणे.

संकल्प : मेट्रनबाई जिंकेपर्यंत हिला फोन करायचा नाही. जिंकल्या की करायचा आणि मोठ्या मनाने परत ये म्हणायचं. आपलं म्हणणं खरं ठरलं की आवाजाला वजन येतं.

४ मार्च, बुधवार
ॲपवर मत दिलं. एका नंबराला एकच मत, हा अन्याय आहे. पण मी फर्निचरच्या दुकानात सोफे विकतो, आणि सोफ्यावर बसलेलं गिऱ्हाईक पटकन उठत नाही. उद्यापासून मोहीम.

६ मार्च, शुक्रवार
मोहीम जोरात. आज एक जोडपं डायनिंग टेबल बघायला आलं. मी त्यांना आधी सोफ्यावर बसवलं आणि फोन काढायला लावले. नवऱ्याने मेट्रनबाईंना मत दिलं. बायकोने माझ्या डोळ्यांदेखत वकीलबाईंचं बटण दाबलं. मी त्यांना मेट्रनबाईंचं काम नीट समजावून सांगितलं, विशेषतः ऑक्सिजन संपतो तो भाग. टेबल न घेता गेले.

मालकांनी आत बोलावलं. सोमवारपासून तळघरात, गाद्यांच्या विभागात बसा म्हणाले. गादीवर लोक आडवे होतात, म्हणजे आणखी निवांत असतात. एका अर्थी बढतीच आहे.

८ मार्च, रविवार
संकल्प मोडलेला नाही. संध्याकाळी हिला फोन लागला तो चुकून. पुन्हा लागला तोही चुकूनच. बंद होता. मग मेहुणीला केला, तोही बंद. दोघी घरात तोंड पाडून बसल्या असणार, चार्जिंगचंही भान नाही. मेहुणी मालिकांचे कपडे शिवते. म्हणजे बटणं लावत असेल. बोलते मात्र अशी की सगळं चॅनेल तिच्या दोऱ्यावर लोंबकळतंय.

रात्री ब्रेड खाल्ला. ब्रेडही काही वाईट नसतो.

९ मार्च, सोमवार
तळघरात नेटवर्क नाही. शिवाय वर येऊन पाहिलं तर ॲप म्हणतं, मतदान संपलं. कार्यक्रम एकवीस तारखेला आणि मतदान आत्ताच संपलं? तांत्रिक बिघाड असणार. त्यांना रागावून लिहिलं. हसऱ्या चेहऱ्याचं चित्र आलं.

दिवसभरात एकच गिऱ्हाईक. गादीवर आडवा झाला आणि झोपला. उठवायचं जिवावर आलं.

११ मार्च, बुधवार
लेकीचा फोन. बाबा, आईला आणायला जा, म्हणाली. मी म्हटलं, जाणारच आहे, पण आधी एकवीस तारीख होऊ दे. ती बराच वेळ काही बोलली नाही. हल्ली कुठेच रेंज नसते.

१३ मार्च, शुक्रवार
हिचा फोन आला. स्वतःहून! मला वाटलंच होतं. राहिलेले कपडे लेकीबरोबर पाठवून द्या, म्हणाली. म्हणजे चांगलंचुंगलं नेसून-घालून यायचा विचार दिसतो. मी म्हटलं, एकवीसला ये, पुरस्कार सोबत बघू. तर म्हणाली, मी पाहिलाय तो सोहळा, तुमच्या मेट्रनबाई नाही जिंकत. मी हसलो. तिला समजावलं की अगं, तू पाहिलास तो गेल्या वर्षीचा, यंदाचा अजून व्हायचाय. यावर ती बरं म्हणाली. मग म्हणाली, तुम्ही बघा मात्र, नीट बघा.

नीट बघा. काळजी आहे तिला माझी.

१५ मार्च, रविवार
तिचे कपडे भरले. कपाटात मोत्यांच्या कानातल्यांची डबी सापडली. एका वाढदिवसाला मीच दिली होती. दर वर्षी एकदा उघडायची, आरशासमोर कानाला लावून बघायची आणि विचारायची, कुठे घालून जाऊ? मग परत ठेवून द्यायची. आज डबी रिकामी होती. माझी आठवण म्हणून घेऊन गेली. तिथे बसून उघडून बघत असेल. मला फार वाईट वाटलं. थोडं बरंही वाटलं.

१८ मार्च, बुधवार
मोठा निर्णय. आमच्या सोफ्यावरचं प्लास्टिक काढणार. सोफा आणला तेव्हापासून ती मागे लागली आहे. उन्हाळ्यात पाठ चिकटते, हललं की करकर वाजतं आणि मालिकेतले हळू आवाजातले संवाद ऐकू येत नाहीत, अशा तिच्या तक्रारी. प्लास्टिकमुळे माल नवा राहतो, हे माझं व्यवसायातलं मत. पण एकवीसला तिला सरप्राइज. मेट्रनबाई जिंकल्या, फोन केला, ती आली आणि सोफा मऊ. आजच काढणार होतो, पण तीन दिवस धूळ कशाला बसू द्यायची?

मालकांनी विचारलं, दहा दिवसांत किती गाद्या गेल्या. मी मार्केट मंद आहे म्हणालो. ते तुमच्यामुळे मंद आहे, असं ते म्हणाले. बाकी माणूस चांगला आहे.

२१ मार्च, शनिवार
सायं. ६.४०
आज! प्लास्टिक कापायला कात्री सापडत नाही. कात्री कुठे असते ते हिला माहीत. सुरीने प्रयत्न केला. प्लास्टिकला काही झालं नाही, बोटाला पट्टी बांधली. असू दे. ती आली की दोघं मिळून काढू.

७.०५
सुरू झालं. सूत्रसंचालकाचे विनोद जुनेच. प्रेक्षकांत तिसऱ्या रांगेत एक बाई दिसल्या. काय मोकळं हसतात. मान मागे टाकून, तोंडावर हात न घेता. असं हसणारं माणूस घरात असेल तर टीव्ही लावायची गरज नाही. त्यांच्या शेजारच्या बाईंचं नाक मात्र थेट मेहुणीसारखं. कुणाच्या नशिबी काय येईल सांगता येत नाही.

७.३०
सर्वोत्कृष्ट खलनायिका : मेट्रनबाईंच्या इस्पितळातली भूलतज्ज्ञ. शुभशकुन. तिसऱ्या रांगेतल्या बाई परत दाखवल्या. उभं राहून टाळ्या वाजवत होत्या. कानात मोती. आमच्याकडे आहेत तसेच, पण ह्यांना शोभतात. ही आली की सांगायला हवं, बघ, माणसाने असं राहावं, सारखं काय तोंड पाडून बसायचं.

८.१०
नाच चालू आहेत. पाय टीपॉयवर ठेवले. सोफा करकरतोय. तिसऱ्या रांगेतल्या बाई गाण्याबरोबर गुणगुणताना दिसल्या. कॅमेरावाल्यालाही आवडलेल्या दिसतात. त्याची चूक नाही.

८.३५
सर्वोत्कृष्ट अभिनेत्री. फोन शेजारी काढून ठेवला आहे. काय बोलायचं ते पाठ केलंय. पाकीट उघडतायत.

८.३८
वकीलबाई.

८.४५
मेट्रनबाईंनी टाळ्या वाजवल्या. पडद्यावर दिसलं, मनापासून वाजवल्या नाहीत. हा सगळा...

८.५२
सूत्रसंचालक माईक घेऊन प्रेक्षकांत उतरला. तिसऱ्या रांगेतल्या बाई वकीलबाईंसाठी अजून टाळ्या वाजवतच होत्या. त्याने विचारलं, तुम्हाला टीव्हीवर बघायला घरी कोण आहे? त्या हसल्या. मग म्हणाल्या, आहेत एक. पण ते मला ओळखतील का, बघू.

आवाज ओळखला.

२२ मार्च, रविवार
सकाळी हिला फोन केला. पाठ केलेलं सगळं विसरलो. कधी गेली होतीस, एवढंच विचारलं. ती म्हणाली, शूटिंग आठ तारखेलाच झालं. बहिणीला पास मिळाले होते, ती वकीलबाईंचे कपडे शिवते ना. फोन बंद करून आत जावं लागलं. पाहिलाय म्हणून मी तुम्हाला सांगितलंही होतं.

मी म्हटलं, छान दिसलीस.

ती म्हणाली, ओळखलंत?

मी म्हटलं, म्हणजे काय, लगेच. माईक घेऊन तो तुझ्याकडे आला आणि मी बघताक्षणी ओळखलं.

ह्या वेळी रेंज चांगली होती, मागे मेहुणीचं शिलाई मशीन चाललेलं स्पष्ट ऐकू येत होतं. मग ती म्हणाली, त्याच्या आधी मला तीनदा दाखवलं होतं.

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर काहीतरी बोलता आलं असतं. ठेवते, म्हणाली. मी कात्री कुठे आहे ते विचारलं. ओट्याच्या दुसऱ्या खणात, म्हणाली, आणि ठेवला.

कात्री तिथेच होती. प्लास्टिक कापलं. खालचा सोफा निळा आहे. मी तो करडा समजत होतो.

दुपारी चारला सोहळा पुन्हा दाखवणार आहेत. सुरुवातीपासून बघणार. रिमोटची बॅटरी संपत आली आहे, त्याआधी जाऊन आणायला हवी.