कोरड्या ओढ्यातलं घर

पिउरा, १४ मार्च

होनोरियोदादा,

तुला नमस्कार लिहायला हात वळत नाही, पण आई शेजारीच बसली आहे, म्हणून लिहिते.

आई सुखरूप आहे. हमरस्त्याच्या उंचवट्यावर प्लास्टिकखाली आम्ही सात कुटुंबं राहतो. भात आणि डब्यातले मासे मिळतात. तिचा खोकला वाढलाय, पण ताप नाही.

"या ओढ्याला वीस वर्षांत पाणी आलेलं नाही, बिनधास्त घर बांध," असं तूच म्हणाला होतास. डोंगरातली थंडी सोसत नाही म्हणून आईलाही तूच इकडे धाडलंस. बुधवारी आम्ही जेवायला बसलो आणि ओढा दारात आला. शेजारच्या एलेउतेरियोकाकांनी आईला पाठीवर घेतलं. पाणी त्यांच्या छातीला लागत होतं. मी मागून तिचे पाय धरून चालले. घराची भिंत पडल्याचा आवाज आला, पण मी वळून पाहिलं नाही.

आणि तू निरोप पाठवतोस, "वेळेवर का निघाला नाहीत?"

वहिनीचे दिवस भरत आले असतील ना? तिला जप. तू मात्र इकडे येऊ नकोस.

आई म्हणते, "लिही, त्याचा काही दोष नाही." लिहिलं. हे वाक्य तिचं आहे, माझं नाही.

तुझीच बहीण, इलाज नाही,
एदुविना