बटाट्यांच्या खोलीचा वारस

मी, बुरुलकान ओस्मोनोवा, वय वर्षे सदुसष्ट, धंदा परिचारिका (आता निवृत्त), राहणार नारीन, नदीकाठची आळी, या कागदाने लिहून ठेवते की माझे डोके अजून ठिकाणावर आहे. यकृत ठिकाणावर नाही. रिपोर्ट मी स्वतः वाचला आहे आणि त्याचा अर्थ मला कोणी समजावून सांगायची गरज नाही. हे मृत्युपत्र मी कोणाच्या धाकाने, भिडेने किंवा गोडीगुलाबीने लिहीत नाही. भिडेपोटी आयुष्यात जे काही गमावले ते कलम चारमध्ये येईल.

नोटरीबाई म्हणतात की मृत्युपत्रात तक्रारी लिहायच्या नसतात. त्या अजून तरुण आहेत.

कलम एक. नदीकाठचे माझे राहते घर, अंगण आणि कुंपणाजवळची पॉपलरची झाडे माझी मुलगी जिपारा हिला मिळावीत. फक्त मागची एक खोली सोडून, तिच्याबद्दल कलम पाच पाहावे. जिपाराही परिचारिकाच आहे. मी नको नको म्हणत असताना झाली. माझ्याच इस्पितळात, माझ्याच वॉर्डात, आणि नव्या मुलींच्या गळ्यात शनिवार-रविवारची पाळी मारतात तशी तिच्याही गळ्यात मारली. शनिवारी सकाळी जायचे, सोमवारी सकाळी यायचे. तिची लेक ते दोन दिवस आजवर माझ्याकडे राहिली. आता जिपाराच्या सासूबाईंचा निरोप आला आहे, "शनिवार-रविवार आमच्याकडे राहू दे, त्यात काय एवढं?" हे वाक्य मी पूर्वी ऐकलेले आहे. पोरी, बाई वाईट नाही, आणि तुला दुसरे कोणी नाही, आणि मी तर चाललेच. मला यात काहीच करता येत नाही. फक्त एवढे कर, सोमवारी आलीस की लेक झोपलेली असली तरी उचलून आण.

कलम दोन. काचेच्या सिरिंजांचा स्टीलचा डबा आणि रक्तदाब मोजायचे यंत्र जिपाराला. यातले काहीही माझी वॉर्डातली मैत्रीण तुर्सुनाय हिला मी मुद्दाम देत नाही, कारण ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याला साक्षीदार म्हणून सही करता येत नाही, आणि मला साक्षीदार हवा आहे. मी तिला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे एवढ्या वर्षांच्या मैत्रीत माझ्या वाट्याला काय, तर सही?" मी म्हटले, "आणि चहा." यंत्र तसेही तिच्या हाती देण्यात अर्थ नव्हता. दिवसभर स्वतःचेच प्रेशर बघत बसली असती.

कलम तीन. बँकेत जे आहे ते माझ्या मयतीच्या खर्चाला. आमच्या रीतीप्रमाणे मयतीच्या जेवणासाठी घोडी कापावी लागेल, ती या पैशात बसेल तेवढीच मोठी असावी. लोकांनी नाके मुरडली तर मुरडू द्यावीत. उसनवारी करू नये.

कलम चार. माझ्या सासूबाई. नोटरीबाईंना पूर्ण नाव हवे आहे. आमच्यात सून सासरच्या वडीलधाऱ्यांचे नाव तोंडाने घेत नाही. मीही कधी घेतले नाही. आता कागद मागतो म्हणून लिहिते, कालिपा. त्या वारल्या त्याला बरीच वर्षे झाली. त्यांना मी काही देऊ शकत नाही आणि देणारही नव्हते, कारण घ्यायचे ते त्यांनी आधीच घेतलेले आहे.

मेदेर माझा पहिला. तो झाला तेव्हा मी वॉर्डात नवी होते, माझे शनिवार-रविवार इस्पितळाचे होते आणि नवरा शेयशेन ट्रकवर असायचा. सासूबाई म्हणाल्या, "दोन दिवस आमच्याकडे राहू दे, त्यात काय एवढं?" राहू दिले. सोमवारी न्यायला गेले की म्हणायच्या, "आत्ता कुठे डोळा लागलाय लेकराचा, उठवतेस कशाला? उद्या ने." मंगळवारी त्याला सर्दी असायची. बुधवारी बर्फ असायचा. गुरुवारी म्हणायच्या, "परवा परत आणायचंच आहे ना? मग उगाच कशाला नाचवतेस त्याला थंडीतून?" रात्रभर रुग्णांचे बेडपॅन उचलून आलेल्या बाईला वाद घालायचे त्राण नसते, हे त्यांना नीट माहीत होते.

पहिले नातवंड आजी-आजोबांनी आपले मूल म्हणून वाढवायचे ही आमच्यातली जुनी रीत आहे, ती मी नाकारत नाही. पण रीत झाली तरी आईला विचारतात. मला विचारले नाही. एका रविवारी मी ड्यूटीवर असताना त्यांनी मेंढा कापला, आळीतले वृद्ध जमवले, त्यांच्याकडून दुआ मागून घेतली आणि मेदेरला आपला धाकटा मुलगा करून घेतले. शेयशेन तिथेच मांडी घालून बसला होता.

सोमवारी मी घरी आले. टेबलावर कापडात बांधून माझा वाटा ठेवलेला होता. जेवण चुकलेल्याचा वाटा घरी पाठवतातच. लग्ने, बारशी, सगळे शनिवार-रविवारीच होते, म्हणून माझ्या आयुष्यातले बहुतेक समारंभ असे कापडात बांधूनच माझ्याकडे आले. मी काही विचारले नाही. भूक लागली होती. कोटसुद्धा न काढता उभ्याउभ्याच खाल्ले. चांगले शिजले होते मांस, खोटे कशाला लिहू. बोटे चाटून झाल्यावर विचारले, "कशाचं होतं जेवण?"

शेयशेन चुलीकडे बघत म्हणाला, "मेदेरचं."

मी तशीच सासूबाईंकडे धावले. त्या पोराला मांडीवर घेऊन चमच्याने चहा पाजत होत्या. मी काय काय बोलले ते आठवत नाही. त्यांनी एकच विचारले, "वाटा खाल्लास ना, सूनबाई? मग आता भांडण कसलं? खाल्लंस म्हणजे मान्य केलंस." आणि आमच्यात तसेच असते. त्या वृद्धांनीही मान हलवून हेच सांगितले. घरी येऊन मी शेयशेनला म्हटले, "तू जा आणि आण त्याला." तो म्हणाला, "आईला कोण सांगणार?" या प्रश्नाचे उत्तर त्याला मरेपर्यंत सापडले नाही.

पुढे सरकारी कागदही तसेच करून घेतले. त्यात मेदेरच्या बापाच्या जागी माझ्या सासऱ्यांचे नाव आहे, आणि त्याच्या नावापुढेही तेच लागते. म्हणजे कायद्याने माझा मुलगा माझा दीर आहे. बोलायला लागला तेव्हा तो सासूबाईंना आई म्हणाला आणि मला वहिनी. शिकवले तसे बोलला, त्यात त्याचा काय दोष? यात लपवाछपवी कधीच नव्हती. त्याला ठाऊक आहे, सगळ्या नारीनला ठाऊक आहे. पण ठाऊक असणे वेगळे आणि तोंडात येणे वेगळे. सासूबाईंवर माझा राग अजून आहे. तो मी कोणाच्या नावे करत नाही, बरोबर नेते.

कलम पाच. मागची खोली. ही मी शनिवार-रविवारच्या पगारातून बांधून घेतली. पोराला परत आणायचे तर त्याला जागा हवी, असे तेव्हा वाटे. खिडकी उन्हाच्या बाजूला ठेवली, शेगडी बसवली, लहान पलंगही आणला. तो तिथे एकदाही झोपला नाही. पुढे पलंग जिपाराला झाला आणि शेगडीमुळे बटाटे गोठत नाहीत म्हणून तिथे बटाटे भरायला लागलो. आता सगळे तिला बटाट्यांची खोलीच म्हणतात. दर वर्षी मेदेरच पोती आणून टाकतो, मी सांगते, "खिडकीखाली नको, उन्हाने हिरवे पडतात," आणि तो म्हणतो, "हो वहिनी." ही खोली, आतल्या बटाट्यांसकट, मेदेरला मिळावी, लिहून देणारीचा मुलगा म्हणून. हे शेवटचे शब्द नोटरीबाईंनी मला पुन्हा विचारले. म्हणाल्या, "आजी, कागदोपत्री ते दीर लागतात." मी म्हटले, "बाकीच्या कागदांत लागू द्या. या कागदात मुलगा लिहा."

कलम सहा. मी गेल्यावर अंगणात जाड लोकरी नमद्याचा तंबू उभारतील. बायका आत बसून रडतील. मुलगे आणि दीर बाहेर काठीवर रेलून मोठ्याने रडतील, येणाऱ्या पाहुण्याला लांबून ऐकू जाईल असे. मुलाने "आई गं" म्हणायचे असते, दिराने "वहिनी गं". मेदेरने काय म्हणावे हे त्याला कोणीही सांगू नये. जिपारा, तूसुद्धा नाही. सांगून म्हटलेले मला नको. तसेही मला काही ऐकू येणार नाही.

पुरवणी, सहीच्या दिवशी. मला कचेरीचा जिना चढवत नाही म्हणून नोटरीबाई सुट्टीच्या दिवशी घरी आल्या. आल्या आल्याच म्हणाल्या, "लवकर आटपू या हं, मुलाला शेजारणीकडे ठेवून आलेय." एक साक्षीदार तुर्सुनाय हजर होती. दुसरे शेजारचे बेकबोलोत यायचे होते, ते आले नाहीत. शनिवार, त्यामुळे लग्नाला गेले. तेवढ्यात मेदेर पिठाचे पोते घेऊन आला. बाईंनी त्याला कलम पाच वाचून दाखवले, शेवटच्या शब्दांसकट. तो पोत्याला टेकून ऐकत उभा राहिला. त्याचे कान लाल झाले. लहानपणीही असेच व्हायचे.

मग म्हणाला, "अगं वहिनी, बटाट्यांची खोली मला कशाला? मला तिकडचं मोठं घर आहे. जिपाराची पोर मोठी होतेय, तिला होईल ती. आणि बाईंचं मूल तिकडे वाट बघत असेल, त्यांना परत कुठे हेलपाटा घालायला लावतेस? माझं नाव काढ. मीच करतो साक्षीदाराची सही."

चांगला माणूस आहे. सासूबाईंनी चांगला वाढवला, हेही मला माझ्याच हाताने लिहावे लागते आहे.

मी चहा ओतला. नोटरीबाईंनी विचारले, "खोडू का, आजी?" मी म्हटले, खोडा. कलम पाच रद्द. खोली जिपाराला. कलम सहा आहे तसे राहील.

साक्षीदारांनी लिहून देणारीशी आपले नाते स्वतःच्या अक्षरात लिहावे असे बाई म्हणाल्या. तुर्सुनायने झटकन लिहिले. मेदेर पेन हातात धरून बराच वेळ कागदाकडे बघत बसला. चहा निवला. मी बाईंना म्हटले, "तुम्ही निघा आता, मूल झोपायच्या आत पोचा."

लिहून देणार: बुरुलकान ओस्मोनोवा

साक्षीदार पहिली: तुर्सुनाय जाकीपोवा. नाते: मैत्रीण, काही न मिळालेली.

साक्षीदार दुसरा: मेदेर अबदिल्दायेविच. नाते: दीर.

ठिकाण नारीन, राहत्या घरी. ऑक्टोबरचा दुसरा शनिवार, बटाटे काढून झाल्यावर.